वाचकांचे प्रश्न : पहाटेचा धूर, दुपारच्या शिंका

प्रश्न : आमचे घर पुण्यात एका टेकडीच्या पायथ्याशी आहे. हिवाळ्यात पहाटे फिरायला गेल्यास धुराचा वास येतो आणि दुपारी तो जवळजवळ नाहीसा होतो. पावसाळ्याच्या अखेरीस मला शिंकांचा त्रास होतो. तो मात्र ऊन चढल्यावर वाढतो. हवा एकच असताना असे का? आणि या शिंका आणणारे परागकण शेजारच्या मोकळ्या जागेतून येतात की लांबून?

उत्तर : वारा किती जोरात वाहतो एवढ्यावरच हे अवलंबून नसते. कण किती मोठा आहे आणि हवा खालून वर किती घुसळली जाते, या दोन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. उन्हाने तापलेली जमीन आपल्या लगतची हवा तापवते, ती हवा वर चढते, वरची खाली येते आणि या उलथापालथीत दुपारपर्यंत धूर एक-दोन किलोमीटर उंचीपर्यंत विरत जातो. हिवाळ्याच्या निरभ्र रात्री याच्या नेमके उलट घडते. जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन खालीच थांबते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर पातेल्यावरील झाकणासारखा बसतो. यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. टेकड्यांच्या उतारांवरून घरंगळणारी गार हवाही पायथ्याशी साचत असल्याने तुमच्या भागात हा परिणाम अधिक जाणवत असणार. वाहनांचा, शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर मग काही शे मीटरच्या थरातच कोंडून राहतो. मुंबईत खारे आणि मतलई वारे असतात, तरी तेथेही हा प्रश्न पूर्णपणे सुटत नाही, कारण रात्री समुद्राकडे गेलेली दूषित हवा दुसऱ्या दिवशी खाऱ्या वाऱ्याबरोबर काही अंशी परत येऊ शकते.

परागकणांचे वेळापत्रक वनस्पती ठरवते. हवेतील दमटपणा कमी होऊन परागकोश (फुलातील परागकणांच्या पिशव्या) सुकल्याशिवाय ते उघडत नाहीत, त्यामुळे अनेक गवतांचे परागकण ऊन चढू लागल्यावर बाहेर पडतात आणि वर चढणारी हवा त्यांना उचलते.

आता अंतराविषयी. गवताचा परागकण साधारण ३० ते ४० मायक्रोमीटर (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रोमीटर) व्यासाचा, म्हणजे हवेत तरंगणाऱ्या कणांमध्ये चांगलाच मोठा असतो. स्थिर हवेत एक मीटर उंचीवरून तो पाऊण मिनिटाच्या आत जमिनीवर येतो, तर २.५ मायक्रोमीटरच्या धूलिकणाला तेवढेच अंतर उतरायला सुमारे दीड तास लागतो. ताशी दहा किलोमीटरच्या वाऱ्यात, केवळ पडण्याचा वेग धरला, तर गवताचा कण शंभर मीटरच्या आसपास जाईल. म्हणूनच तुमच्या शिंकांचे कारण प्रथम शेजारच्या मोकळ्या जागेतच शोधावे, असे मला वाटते. १९५०च्या दशकाच्या मध्यास पुण्यात प्रथम नोंदले गेलेले गाजरगवत पावसाळ्यानंतर तेथे फुललेले असेल, तर संशय अधिकच बळावतो. ते फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटले, तर उपयोग होईल.

तरीही सगळे कण जवळच पडतात असे नाही. उन्हात वर चढणाऱ्या हवेचा वेग सेकंदाला एक मीटर किंवा अधिक असतो. परागकणाच्या पडण्याच्या वेगाच्या तो अनेक पट असल्याने थोडे कण खूप उंच जाऊन शेकडो किलोमीटर प्रवास करतात. फिनलंडमध्ये तेथील बर्च झाडे फुलण्याआधीच दक्षिणेकडून बर्चचे पराग येऊन पोहोचतात आणि तेथील हवामान संस्था संगणकीय प्रतिमानाच्या आधारे त्याचा अंदाज देते. आपल्याकडे चंदीगडसाठी २०२२ मध्ये परागकणांचे पंचांग, म्हणजे कोणते पराग वर्षात केव्हा हवेत असतात याचे वेळापत्रक, तयार झाले. पुण्यातल्या फलकांवर पीएम २.५ चा, म्हणजे २.५ मायक्रोमीटर व त्याहून लहान धूलिकणांचा, आकडा दिसतो. त्याशेजारी परागकणांचाही दिसावा, ही माझी मनापासूनची अपेक्षा आहे.

प्रश्न : पावसाने हवा धुऊन निघते असे आपण मानतो. मग मेलबर्नला राहणारी माझी मुलगी वादळी पावसाच्या वेळी दमेकऱ्यांनी घरात थांबावे असे का सांगते?

उत्तर : तिचे म्हणणे योग्य आहे. संथ, दीर्घकाळ पडणारा पाऊस परागकणांसारखे मोठे कण चांगले खाली आणतो, मात्र ०.१ ते १ मायक्रोमीटरचे कण थेंबांच्या तावडीतून बरेचसे निसटतात. वादळात आणखी एक गोष्ट घडते. दमट हवेत रायगवत या गवताचे परागकण फुगून फुटतात आणि त्यांतून निघालेले सूक्ष्म कण नाकात न अडकता थेट फुप्फुसात खोलवर जातात. ढगातून वेगाने खाली उतरणारी गार हवा हे सारे जमिनीलगत पसरवते. २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी मेलबर्नमध्ये असेच घडले. हजारो लोकांना श्वास लागून रुग्णालये गाठावी लागली आणि दहा जणांचा मृत्यू झाला. आजारी पडलेल्यांपैकी अनेकांना पूर्वी दम्याचे निदान झालेले नव्हते, फक्त दरवर्षी शिंका येत. म्हणून पावसाआधीचा गार, जोरदार वारा सुटण्यापूर्वीच खिडक्या लावून घ्याव्यात आणि ज्यांना डॉक्टरांनी इन्हेलर दिला आहे त्यांनी तो हाताशी ठेवावा.