१९७५ च्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारमध्ये पर्ट्रॉनिक्स इग्निटर (पॉइंट्सऐवजी बसणारं इलेक्ट्रॉनिक इग्निशन मॉड्यूल) बसवताना लाल वायर कुठे जोडायची?

लाल वायर कॉइलच्या (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणाऱ्या भागाच्या) पॉझिटिव्हला नको, फ्यूज बॉक्सवर इग्निशनच्या पांढऱ्या वायरला जोडा. काळी कॉइलच्या निगेटिव्हला. या १९७५ सारख्या रबर बंपरच्या एमजीबीत कॉइलकडे जाणारी वायर बॅलास्ट म्हणजे रोधक असते आणि ती हार्नेसमध्येच दडलेली असल्याने नजरेतून सुटते. तिच्यापुढे १२ व्होल्ट पूर्ण मिळत नाहीत, मॉड्यूलला मात्र ते लागतातच. बॅलास्ट तशीच राहू द्या: चार सिलिंडरला कॉइल आणि बॅलास्ट मिळून किमान ३ ओहम रोध हवा, तो मल्टिमीटरने मोजाच. पॉइंट्ससोबतचा जुना कंडेन्सर काढा. इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवू नका, मॉड्यूल जळतं. हे सगळं निगेटिव्ह अर्थसाठी, म्हणजे बॅटरीचं निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेल्या गाडीसाठी. १९६७ पर्यंतच्या पॉझिटिव्ह अर्थ गाडीला मॉड्यूलच वेगळं लागतं.