एक पॅड झिजला, दुसरा कोरा

प्रश्न : माझी १५० सीसीची मोटारसायकल १२ वर्षांची, ९४ हजार किलोमीटर पळालेली. मासळीचे क्रेट घेऊन देवगडहून आठवड्यातून दोनदा गगनबावड्याला जातो. परतताना करूळ घाटात पुढचा डिस्क ब्रेक मऊ पडतो, लिव्हर दांडीला टेकते. घरी पोचेपर्यंत सगळं पहिल्यासारखं. चार महिन्यांत दोनदा पॅड बदलले. आतला पॅड लोखंडाला लागतो, बाहेरचा मात्र कोराच राहतो. काय करावं? — एक वाचक, देवगड तालुका

उत्तर : भाऊ, आधी घाट बंद करा. गाडी नीट होईपर्यंत मासळी दुसऱ्या कुणाच्या टेम्पोत घाला.

तुमचं निम्मं निदान तुम्हीच लिहून पाठवलंत : आतला झिजला, बाहेरचा कोरा. अशा गाड्यांच्या कॅलिपरला, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखं धरणाऱ्या भागाला, बहुधा एकाच बाजूने पिस्टन असतो. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच रेट्याने कॅलिपर दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही. सगळा भार आतल्या पॅडवर येतो आणि लिव्हर सोडली तरी तो घासतच राहतो. घासून तापतो, घाटात तर भाजतो, आणि आतलं ब्रेक ऑइल उकळतं. नळीत वाफ झाली की लिव्हर मऊ. गार झालं की वाफ जिरते. म्हणून घरी आल्यावर मेस्त्रीला दाखवायला काही उरत नाही.

ब्रेक ऑइल आपण म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. नवं डॉट ४ जातीचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी शिरल्यावर हाच आकडा १५५ च्या आसपास येतो. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. तुमचं शेवटचं कधी बदललं, पत्रात नाही, यावरून काय ते समजलो.

खात्री करून घ्या. गाडी डबल स्टँडवर लावून पुढचं चाक उचला, ब्रेक दोन-चारदा दाबून सोडा, चाक फिरवा. जड गेलं तर कॅलिपरवरचा एअर काढायचा निपल थोडा सैल करा. चाक तरीही जडच असेल तर पिना किंवा पिस्टन अडकलाय. ऑइल चिळकांडी मारून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकून राहतोय : वर लिव्हरपाशी असलेल्या, ऑइल ढकलणाऱ्या मास्टर सिलिंडरचं बारीक परतीचं भोक बुजलंय, नाहीतर १२ वर्षांची रबरी नळी आतून फुगलीय. ऑइल रंगावर सांडलं तर रंग जाईल, लगेच पाणी ओता.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराजवळच्या माझ्या गॅरेजात मागच्या पावसाळ्यात अशीच गाडी आली होती. पिनेवरचं रबर सोललं तर आत गंजाची लापशी, कडेला मिठाची पांढरी पूड. एक पीन बाहेर काढायला दुपार गेली. दोन्ही पिना आणि रबरं नवीन घातली, सिलिकॉन ग्रीस लावलं. चाकाचं साधं ग्रीस इथे लावू नका, रबर फुगतं.

पॅड घालताना पिस्टन आत ढकलायच्या आधी पुसायचा असतो. तुमच्याकडे दोनदा घाणीसकट स्क्रूड्रायव्हरने रेटला असणार. त्यावर गंजाचे खड्डे दिसले तर पॉलिश पेपर मारत बसू नका. पिस्टन आणि सील दोन्ही बदला. डिस्कवर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो, तोही मोजून घ्या. शेवटी नवं डॉट ४ घालून एअर काढा. डॉट ५ घालू नका, ती सिलिकॉनची वेगळीच जात.

आणि क्रेटखाली जाड प्लास्टिक अंथरा. बर्फाचं खारं पाणी मागच्या ड्रम ब्रेकवर गळत असेल; तिथला ब्रेक शू फाकवणारा कॅमही एकदा उघडून बघायला सांगा.