जुन्या ब्रिटिश फौजेत एन्साइन व्हायचं तर नेमकं काय करावं लागे?

तुमचा प्रश्न असा आहे: कादंबरीतला मुलगा सतरा वर्षांचा, साल १८१२, गाव इंग्लंडातलं, वडील चर्चमध्ये पाद्री, घरची परिस्थिती बेताची. त्याला फौजेत अधिकारी व्हायचंय. त्या काळी अधिकाऱ्याचं पद विकत घ्यावं लागे असं तुम्ही ऐकलंय, तर या मुलाला किती पैसे लागतील, आणि ते नसतील तर त्याचं काय होईल?

आधी तुमच्या मुलाला दिलासा देतो. १८१२ साली त्याला एक पैसाही न मोजता एन्साइन, म्हणजे पायदळातला सगळ्यात खालचा अधिकारी, होता येईल. मात्र त्याच्या वडिलांची एखाद्या मेजरशी किंवा कर्नलशी ओळख असायला हवी. पैशाची खरी अडचण त्याला पुढे येईल, कॅप्टन होताना.

मला या विषयाचं वेड लागलं ते असईमुळे. माझं आजोळ भोकरदन तालुक्यातलं. केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई आहे, आणि तिथे २३ सप्टेंबर १८०३ ला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी आर्थर वेलस्ली लढला हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. हा वेलस्ली म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन. असईला तो ३४ वर्षांचा होता आणि मेजर जनरल होता. एवढ्या लवकर एवढा वर कसा गेला, हे शोधायला बसलो आणि कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याचं पद, विकत घेण्याची सगळी व्यवस्थाच समोर उलगडली. १७८७ मध्ये तो एन्साइन झाला आणि १७९३ मध्ये, वयाच्या २४ व्या वर्षी, ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल. तोवर त्याने एकही लढाई पाहिली नव्हती. शेवटच्या पायऱ्यांचे पैसे थोरल्या भावाने, रिचर्डने, दिले होते.

आता मुळापासून सांगतो. कमिशन म्हणजे राजाची सनद. पायदळात सगळ्यात खालची सनद एन्साइनची, घोडदळात कॉर्नेटची. एन्साइनचं परंपरेने आलेलं काम म्हणजे लढाईत पलटणीचं निशाण धरून उभं राहणं. नेपोलियनशी युद्ध चालू असताना साध्या पायदळ पलटणीतले सरकारी दर असे होते: एन्साइन ४०० पौंड, लेफ्टनंट ५५०, कॅप्टन १५००, मेजर २६००, लेफ्टनंट कर्नल ३५००. घोडदळात यापेक्षा बरेच जास्त, आणि राजाच्या गार्ड्स पलटणींमध्ये तर आणखी चढे.

पैसे देऊन पद घ्यायचं म्हणजे लिलाव किंवा लाच, असा आपला समज होतो. माझाही तोच होता. पण मराठी वाचकाला ही व्यवस्था एका शब्दात समजते: पागडी. मुंबईच्या जुन्या चाळीत खोली घेताना एकरकमी पागडी द्यायची, भाडं वेगळं, आणि खोली सोडताना पुढच्या भाडेकरूकडून आपली रक्कम वसूल करायची. फौजेतही तसंच. पद सोडताना अधिकारी ते पुढच्याला विकायचा आणि ती रक्कम त्याच्या म्हातारपणाची पुंजी व्हायची, कारण त्याला वेगळं निवृत्तिवेतन नव्हतं. चाळीत जसे ‘वरचे’ पैसे चालत, तसे इथेही ठरलेल्या दरावर वरचे पैसे सर्रास चालत. कायद्याने ते गुन्हा होते, तरीही. लॉर्ड कार्डिगनने १८३० च्या दशकात घोडदळाची पलटण हाती यावी म्हणून ३५ ते ४० हजार पौंड मोजले असं त्या वेळी बोललं जाई, आणि सरकारी दर होता ६१७५. हाच माणूस पुढे १८५४ मध्ये क्रिमियातल्या बालाक्लाव्हाला लाइट ब्रिगेड, म्हणजे हलकं घोडदळ, घेऊन तोफांच्या तोंडी गेला.

ही साखळी कशी फिरे ते एका उदाहरणाने दाखवतो, कारण तुमच्या कादंबरीला तिचा उपयोग होईल. समजा एका पलटणीतला कॅप्टन कंटाळला आणि घरी चालला. त्याला १५०० पौंड हवेत. आधी पलटणीतल्या सगळ्यात जुन्या लेफ्टनंटला विचारणार. त्याचे स्वतःच्या पदात ५५० अडकलेले आहेतच, म्हणून त्याने फक्त फरक भरायचा, ९५०. मग त्याची लेफ्टनंटची जागा रिकामी झाली. ती जुन्या एन्साइनला, फरक १५०. आता एन्साइनची जागा उरली. ती बाहेरच्या नव्या पोराला, पूर्ण ४००. बेरीज करून पाहा: ९५०, १५० आणि ४०० मिळून बरोबर १५००. एक माणूस घरी गेला, तिघांची घरं हलली. हा सगळा व्यवहार पलटणीच्या एजंटामार्फत व्हायचा. लंडनचा कॉक्स हा त्यातला सगळ्यात बडा. कॉक्स अँड किंग्ज हे नाव आपल्याकडे प्रवासी कंपनी म्हणून ओळखलं गेलं, त्याची सुरुवात १७५८ साली याच एजंटकीतून झाली.

यात जुन्या लेफ्टनंटकडे ९५० पौंड नसतील तर? मग त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या खालचा, पैसेवाला, कॅप्टन व्हायचा. हेन्री हॅवलॉकचं नाव १८५७ च्या कानपूर-लखनौमुळे आपल्याला माहीत आहे. तो १८१५ मध्ये फौजेत आला आणि कॅप्टन झाला १८३८ मध्ये. तेवीस वर्षं. मला या व्यवस्थेचा खरा अन्याय इथे दिसतो. फौजेत पहिला पाय ठेवायला गरिबाला वाट होती. त्यानंतर मात्र लायक माणसाचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांना सलाम करण्यात जायचं.

मग सरकारने हे चालू का ठेवलं? सतराव्या शतकात राजाला हटवून फौजेच्या जोरावर सत्ता घेणाऱ्या क्रॉमवेलने इंग्रजांना धडकी भरवली होती. खडी फौज उद्या सत्ता बळकावेल ही भीती त्यांच्या मनातून गेली नाही. ज्याची जमीनजुमल्यात आणि स्वतःच्या पदात रक्कम गुंतली आहे तो बंड करणार नाही, असा त्यांचा हिशोब. गैरवर्तनाबद्दल बडतर्फ झालेल्याची रक्कम बुडायची, म्हणजे ती जामीनही होती. शिवाय निवृत्तिवेतनाचा खर्च खजिन्यावर पडत नव्हता.

आता तुमच्या मुलाकडे येऊ.

रणांगणावर मेलेल्या अधिकाऱ्याचं पद नियमाने विकता येत नसे. रक्कम बुडाली, घरच्यांच्या हाती काही नाही. रिकामी जागा पलटणीतल्या पुढच्या ज्येष्ठाला फुकट मिळे, आणि ओळीने सगळे एकेक पायरी चढत. असईला ७४ व्या पलटणीचे जवळजवळ सगळे अधिकारी ठार किंवा जखमी झाले. आजोळच्या त्या शेतांमधून चालताना मला हा हिशोब आठवतो आणि अंगावर काटा येतो: इथे पडलेल्या प्रत्येकामागे खाली कोणीतरी बढतीची वाट पाहत उभा होता. ‘रक्तरंजित युद्ध आणि रोगट हंगाम’ यांच्या नावाने पेला उंचावण्याची चाल तेव्हाच्या अधिकाऱ्यांमध्ये होती, ती यामुळेच.

१८१२ साली स्पेन-पोर्तुगालमध्ये माणसं रोज मरत होती, फौज फुगत होती, आणि पैसे भरून येणारे पुरेसे नव्हते. त्या काळात पाचातलं एखादंच कमिशन खरेदीचं असे. म्हणून तुमच्या मुलाच्या वडिलांनी एक अर्ज लिहायचा, सरसेनापती ड्यूक ऑफ यॉर्क यांच्या नावाने. तो लंडनला हॉर्स गार्ड्समध्ये, म्हणजे फौजेच्या मुख्यालयात, लष्करी सचिवाकडे जाईल. त्या वर्षी सचिव होता हेन्री टॉरेन्स. अर्जासोबत मेजर किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्याचं शिफारसपत्र हवं: मुलगा सभ्य घरचा, वर्तन चांगलं, शिक्षण बरं, शरीराने धडधाकट. नियमाने वय सोळाच्या वर. परीक्षा नाही, ती १८४९ मध्ये आली. सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात जायची सक्ती नाही. पाद्र्याची मुलं या वाटेने पुष्कळ गेली.

शिफारस कोणाची मिळवायची हा तुमच्या कथेतला नाट्यमय भाग होऊ शकतो. कॉलिन कॅम्पबेल हा ग्लासगोच्या सुताराचा मुलगा. त्याचा मामा फौजेत अधिकारी होता, एवढ्या आधारावर तो १८०८ मध्ये पंधराव्या वर्षी एन्साइन झाला आणि पुढे फील्ड मार्शल. वशिला विकणारेही होते. ड्यूक ऑफ यॉर्कची प्रेयसी मेरी अ‍ॅन क्लार्क पैसे घेऊन नावं पुढे सरकवते, असं उघड झालं तेव्हा १८०९ मध्ये पार्लमेंटात चौकशी झाली. ड्यूक दोषी ठरला नाही, पण त्याला पद सोडावं लागलं. १८११ मध्ये तो परत आला. त्यामुळे १८१२ मध्ये कोणी दलाल तुमच्या पाद्र्याला भेटला तर ते प्रकरण ताजं असल्याचं भान दोघांनाही असेल.

पत्र मिळालंच नाही तर? मिलिशिया, म्हणजे जिल्ह्याची राखीव फौज, हा दुसरा रस्ता. तिथे अधिकारी होऊन ठरावीक संख्येने माणसं खड्या फौजेत आणली की एन्साइनचं पद विनामूल्य मिळे. तिसरा रस्ता स्वयंसेवकाचा, आणि मला कादंबरीसाठी तोच सगळ्यात आवडतो. मुलगा स्वखर्चाने पलटणीसोबत जातो, शिपायांच्या रांगेत बंदूक घेऊन लढतो, जेवतो मात्र अधिकाऱ्यांच्या पंगतीला, आणि कोणीतरी मरेपर्यंत वाट पाहतो. ज्यांच्यासोबत जेवायचं त्यांच्यातल्याच एकाची जागा आपल्याला हवी आहे, हे मनात ठेवून रोज जेवायचं.

साध्या शिपायातून वर येणारे वीसात एखादे. जॉन शिप त्यातला. भरतपूरच्या वेढ्यात, १८०५ मध्ये, किल्ल्यात जाट राजा रणजितसिंग आणि त्याच्या साथीला यशवंतराव होळकर असताना, खिंडारावर सगळ्यात पुढे धावणाऱ्या तुकडीचं त्याने नेतृत्व केलं. किल्ला पडला नाही, पण शिपला सनद मिळाली. पुढे कर्ज झालं म्हणून त्याने ती विकली, पुन्हा साधा शिपाई म्हणून भरती झाला आणि पुन्हा अधिकारी झाला.

तोफखाना आणि इंजिनिअर यांत खरेदी कधीच नव्हती. तिथे वूलिचच्या अकादमीतून जायचं आणि ज्येष्ठतेने चढायचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतही नव्हती, तिथे डायरेक्टरांचा वशिला चाले. आपल्या लोकांना यातलं एकही दार उघडं नव्हतं. सुभेदाराच्या वर हिंदी शिपाई जाऊ शकत नसे. कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात सँडहर्स्टमधून १९२६ मध्ये अधिकारी म्हणून बाहेर पडले, तेव्हा ही खरेदी-विक्री बंद होऊन पंचावन्न वर्षं झाली होती. कार्डवेल या युद्धमंत्र्याच्या हट्टामुळे ती १ नोव्हेंबर १८७१ ला थांबली. पार्लमेंटच्या वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, विधेयक अडवलं होतं, म्हणून शेवटी राणीच्या फर्मानाने काम करावं लागलं.

पैशाचं एक राहिलं. पद फुकट मिळालं तरी लाल कोट, तलवार, कमरपट्टा हे सगळं घरच्या खर्चाने. एन्साइनचा पगार दिवसाला ५ शिलिंग ३ पेन्स, वर्षाला ९५ पौंडांच्या आसपास, त्यातून कपात आणि मेसचा खर्च. स्पेनमध्ये पगार महिनोन्महिने थकायचा. दरवर्षी थोडे पैसे वडिलांकडून यावे लागतीलच, ते कथेत विसरू नका.

नेमणूक छापून येई ‘लंडन गॅझेट’मध्ये. जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात, लिहिण्याआधी १८१२ चे दोन-चार तरी उघडा. ओळ अगदी आखूड असते: पलटणीचा क्रमांक, मग अमुक हा एन्साइन, तमुकच्या जागी. तमुक बढती मिळवून गेला की मेला, तेही तिथेच कळतं. जिथे पैसे भरले आहेत तिथे ‘खरेदीने’ असं स्पष्ट लिहितात. तुमच्या मुलाच्या नावापुढे ‘विना खरेदी’ असेल, आणि गावातले सगळे ते वाचतील.