नेत्यांनी आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांनी किती तास काम करावे?

प्रश्न : मी शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. मोठ्या उद्योगपतींनी आठवड्याला ७० आणि ९० तास काम करण्याच्या गोष्टी सुरू केल्यापासून आमचे मालक रात्री उशिरापर्यंत थांबतात आणि आम्हीही थांबावे अशी अपेक्षा ठेवतात. आमच्या भागातील लोकप्रतिनिधीही पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत फिरतात आणि लोक त्यांचे कौतुक करतात. वरच्या पदावरील माणसाने खरोखर किती कष्ट करावेत? हाताखालच्यांनीही तेवढेच करावेत काय?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : एरवीच्या दिवसांत वरच्या पदावरील माणसाने आठवड्याला ५० ते ५५ तासांपुढे जाऊ नये, संकटाच्या दिवसांत मात्र घड्याळाकडे पाहू नये, आणि आपल्या तासांची सक्ती दुसऱ्या कोणावरही करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

५५ तासांचा आकडा मी सहज घेतलेला नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त असतो. नेत्याच्या बाबतीत प्रश्न केवळ त्याच्या प्रकृतीपुरता राहत नाही. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची सावधानता रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी खालावते, असे प्रयोगांत दिसले आहे, आणि आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा तर ०.०३ टक्के आहे. ज्या अवस्थेतील माणसाच्या हाती आपण गाडी देणार नाही, त्या अवस्थेत तो हजारो लोकांच्या जमिनीचा, पाण्याचा किंवा नोकरीचा निर्णय घेत असेल, तर त्याचे कौतुक कशासाठी करावे?

हे तास कोठे जातात, हेही पाहावे लागते. हार्वर्डच्या दोन प्राध्यापकांनी मोठ्या कंपन्यांच्या २७ मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या वेळेची नोंद ठेवली होती. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार त्यांचा आठवडा सरासरी ६२.५ तासांचा होता, त्यातील ७२ टक्के वेळ बैठकांत जात होता आणि ग्राहकांच्या वाट्याला जेमतेम ३ टक्के येत होता. मला या आकड्यांत कष्टांपेक्षा वेळेची चुकीची वाटणीच अधिक दिसते.

लोकप्रतिनिधींच्या बाबतीत ही वाटणी आपणच बिघडवली आहे, हे कोल्हापूरकरांनी मान्य केले पाहिजे. लग्न, बारसे, उत्तरकार्य, कुस्तीचे मैदान, तालमीचा कार्यक्रम अशा प्रत्येक ठिकाणी नेता दिसावा असा आपला आग्रह असतो, आणि न आलेल्याचा राग मतदानापर्यंत धरला जातो. वास्तविक त्याच्या खऱ्या कामाची जागा सभागृह आहे, आणि तेथील दिवस घटत चालले आहेत. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या. २०१९ ते २०२४ या काळातील सतराव्या लोकसभेच्या केवळ २७४ झाल्या. मतदारसंघात १८ तास फिरणाऱ्या प्रतिनिधीला याविषयी कोणी जाब विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

महापुराचे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली, की नेते बोटीतून फिरतात, छावण्यांत जातात, आणि ते त्यांनी केलेच पाहिजे. २०१९ आणि २०२१ मध्ये पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, तेव्हा रात्रंदिवस राबलेल्यांविषयी मला आदर आहे. परंतु पूररेषेतील बांधकामाला परवानगी द्यायची की नाकारायची, अलमट्टी धरणाच्या विसर्गाबाबत कर्नाटकाशी वेळेत बोलणी कशी करायची, हे प्रश्न कोरड्या महिन्यांत, फायली नीट वाचून, शांत डोक्याने सोडवायचे असतात. त्या कामाचे छायाचित्र निघत नाही, म्हणून ते टाळले जाते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवण्याचा आदेश काढला, तो त्यांनी दिवसाचे किती तास काम करून काढला, असे कोणी विचारत नाही.

आता आपल्या मालकांविषयी. कारखाना त्यांचा आहे, नफा त्यांचा आहे, आणि थांबायचे की घरी जायचे हे त्यांच्या मर्जीवर आहे. यांपैकी काहीही आपल्या हाती नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने कामगाराला आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि जादा कामासाठी दुप्पट दराने वेतन दिले, मात्र देखरेखीच्या पदांवरील माणसांना त्यातून वगळण्याची मुभाही राज्यांना ठेवली. सुपरवायझरचे जादा तास त्यामुळेच हिशेबाबाहेर राहत आले. भट्टी बिघडली किंवा तातडीची ऑर्डर असली, तर आपण अवश्य थांबावे. एरवी, कोणत्या दिवशी कोणत्या कामासाठी थांबावे लागले याची महिनाभर लेखी नोंद ठेवून ती मालकांसमोर मांडावी आणि त्या वेळेचा मोबदला किंवा बदली सुटी मागावी. नोंदीत काम कमी आणि थांबणे जास्त दिसले, तर कोणत्या दिवशी कोणी थांबायचे याची पाळी ठरवून घेण्याचा आग्रह धरावा.