“स्लाइड नसतील तर सगळे माझ्याकडेच बघणार”

ग्राहकांच्या तक्रारींचा विभाग सांभाळणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) पुढच्या बैठकीत स्लाइड नकोत, दहा मिनिटं नुसतं बोला, असं वरिष्ठांनी सांगितल्यापासून त्यांची झोप उडाली होती. “सगळे माझ्याकडेच बघणार. मधेच विसरले तर? आणि लोक कंटाळतील ते वेगळंच.”

ही काळजी घेऊन येणारे खूप जण आहेत. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक चिंतेची, म्हणजे लोक आपल्याला काय म्हणतील या भीतीची, जी मांडणी केली, ती मला इथे फार उपयोगी वाटते. घाबरलेल्या माणसाचं लक्ष स्वतःकडे वळतं. आवाज कापतोय का, हात थरथरतोय का, यातच तो अडकतो. मग पडद्याकडे तोंड करून वाचण्यासारखा एखादा आधार तो धरतो. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण आधाराशिवायही निभावलं असतं, हे कळायची संधी हुकते.

मी त्या बाईंना उभं राहून सुरुवात करायला सांगितली. “आज आपण गेल्या तिमाहीतील तक्रारींचा आढावा घेणार आहोत...” हात घट्ट बांधलेले, नजर भिंतीवर. त्यांना थांबवून मी विचारलं, “यातली कुठली तक्रार तुमच्या डोक्यातून जात नाही?”

त्या लगेच म्हणाल्या, “एक वयस्कर गृहस्थ होते. चार वेळा फोन केला, चारही वेळा वेगळ्या माणसाने उचलला. दर वेळी बिचाऱ्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. चौथ्यांदा मी उचलला, तर म्हणाले, आता तुम्ही तरी लिहून घ्या हो.”

सांगता सांगता हात मोकळे झाले होते, नजर माझ्याकडे होती. “सुरुवात इथूनच करा,” मी म्हटलं.

मग आकडे. त्यांच्या तक्त्यात ‘२५ टक्के तक्रारी पुन्हा नोंदल्या जातात’ असं होतं. पडद्यावरचा आकडा समोर राहतो, नुसता ऐकलेला निसटतो. म्हणून त्यांनी तो असा सांगायचं ठरवलं : “चारांतल्या एकाला तीच तक्रार घेऊन पुन्हा यावं लागतं.” बाकीचे आकडे आम्ही काढूनच टाकले. ज्यांना हवेत, त्यांना नंतर कागद द्यावा.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. स्लाइड बदलली की मुद्दा बदलला हे श्रोत्याला आपोआप कळतं. ती नसली की हे काम तोंडानेच करावं लागतं. “काय घडतंय ते सांगितलं. आता का घडतंय ते बघू.” आणि त्याआधी श्वासभर थांबायचं. बोलणाऱ्याला तो थांबा फार लांबल्यासारखा वाटतो, पण ऐकणाऱ्याला तेवढीच उसंत मिळते.

विसरण्याच्या भीतीवर पाठांतर हा उपाय मला मुळीच पटत नाही. एक शब्द सुटला की पुढचं सगळंच अडतं. त्यांनी पहिलं आणि शेवटचं वाक्य तेवढं पक्कं केलं. मधल्या भागासाठी हातात एक कार्ड, त्यावर एवढंच : गृहस्थ, चारांत एक, कारण, मागणी. सराव मात्र उभं राहून, मोठ्याने, घरातल्या कुणासमोर तरी. दर वेळी शब्द वेगळे आले तर उलट चांगलंच.

नकाशा किंवा गुंतागुंतीचा आलेख असेल तर जरूर दाखवावा. आणि भीती इतकी असेल की माणूस फोन घेणं, चारचौघांत जाणंही टाळतो, तर अशा युक्त्यांवर न थांबता रीतसर उपचार घ्यावेत.

बैठकीत त्या ‘कारण’ या मुद्द्यावर अडखळल्याच. कार्डाकडे बघितलं आणि पुढे बोलल्या. त्या अडखळण्याचा विषय नंतर कुणी काढला नाही. पहिलाच प्रश्न आला, “त्या गृहस्थांची तक्रार सुटली का शेवटी?” मग आधीच्या फोनची नोंद पुढच्या माणसासमोर कशी यावी, यावरच चर्चा रंगली.