रिपोर्टची वाट पाहू नकोस, लॅबमध्ये जा

प्रिय डॉक्टर,

एमडी मेडिसिन झालं, नीट-एसएसचा (सुपरस्पेशालिटी प्रवेश परीक्षेचा) रँक कार्डिओलॉजीला पुरेल असा आणि तुझं मन संसर्गरोगांच्या डीएमवर, म्हणजे एमडीनंतरच्या सुपरस्पेशालिटी पदवीवर. घरचे म्हणतात, "ना स्कोप, ना स्टेंट, खाणार काय?" बरोबर आहे त्यांचं. या शाखेत प्रोसिजर नाही, म्हणून प्रोसिजरचं बिलही नाही. आपण फक्त मत देतो. खासगीत पुष्कळदा ते मत 'मेरोपेनेम (जबर अँटिबायोटिक) बंद करा' एवढंच असतं, आणि त्याचे पैसे मोजायला कुणी आतुर नसतं. हे चालणार नसेल तर कार्डिओलॉजी घे, त्यात कमीपणा काही नाही.

कॉलेज कुठलं, हे विचारलंस. एम्स दिल्ली, चंदीगडचं पीजीआय, वेल्लोरचं सीएमसी, ही नावं तुला पाठ आहेत. तिथल्या रेसिडेंटला एकच विचार: मायक्रोबायोलॉजीच्या बेंचवर, म्हणजे जंतू वाढवून ओळखतात त्या लॅबच्या टेबलावर, रोज जातोस का? 'नाही' म्हणाला, तर तीन वर्षांत तू रिपोर्ट वाचण्यात तरबेज होशील, बस्स.

भर पावसाळा. कोकणातला किंवा गोव्याचा भातशेती करणारा मधुमेही, दोन-तीन आठवडे ताप, प्लीहेत गळवं, कुणीतरी टीबीची औषधं सुरू केलेली. ब्लड कल्चरमध्ये (रक्तातले जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत) ग्रॅम-निगेटिव्ह बॅसिलस, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. रिपोर्ट येतो, 'स्यूडोमोनास स्पीशीज'. लॅबमध्ये जा आणि प्लेट बघ. जेंटामायसिन आणि कोलिस्टिनच्या डिस्कला (अँटिबायोटिकच्या चकतीला) वाढ अगदी खेटून आलेली, म्हणजे औषध निष्प्रभ; को-अमॉक्सिक्लॅव्हभोवती मात्र मोकळं वर्तुळ. स्यूडोमोनास एरुजिनोसात नेमकं उलटं दिसायला हवं. हा बहुधा मेलिऑइडोसिस, माती-पाण्यातल्या बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय जंतूचा आजार: सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे, मग कोट्रायमोक्साझोल किमान तीन महिने. ही गोळ्यांची बाजू अर्धवट सोडली की आजार उलटतो. चिखलातल्या कामाचं तुला माहीत असतं, डिस्कचं मायक्रोबायोलॉजिस्टला. फॉर्मवर 'ताप, कारण?' एवढंच खरडलंस तर या दोन गोष्टी एकत्र येणार कशा? शिवाय शंका आधी कळवलीस तर त्या प्लेटा सेफ्टी कॅबिनेटमध्ये उघडतील. हा जंतू लॅबमधल्या माणसांनाही होतो.

मॅल्डी-टॉफ (जंतू झटपट ओळखणारं मशीन) आल्यावर बेंच कशाला, असं तुला ऐकवतील. मशीनच्या डेटाबेसमध्ये हा जंतू नसेल तर ते त्याच्या निरुपद्रवी भावंडाचं, थायलँडेन्सिसचं नाव छापून मोकळं होतं. बेंचवर जाण्याला लोक माझा हट्ट म्हणतात. म्हणू देत.

आणि बेंचवर पोचतं काय, तेही बघ. प्रौढ माणसाला ब्लड कल्चरच्या बाटल्यांचे दोन सेट, दोन वेगळ्या टोचण्या, दर बाटलीत 8 ते 10 मिली रक्त, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसच्या आधी. वॉर्डात होतं काय? एकच बाटली, तीन मिली, तेही जुन्या कॅन्युलातून, डोस गेल्यावर. रक्तात जंतू थोडेच असतात, रक्त कमी घेतलं की ते सापडतच नाहीत. कातडीला लावलेलं जंतुनाशक क्लोरहेक्सिडिन वाळू न देता टोचलं की कातडीवरचा स्टॅफ जंतू उगवतो आणि रुग्णाला व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक फुकटचं. त्यात कुणीतरी बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवतं! इंटर्नवर ओरडण्याआधी ट्रॉलीवर बाटल्या किती आहेत ते मोज. रुग्ण शॉकमध्ये असेल तर मात्र कल्चरपायी डोस अडवायचा नाही.

पेपरांची एवढी धास्ती कशाला? प्रमोशनला लागतात, लिही. पण विषय लॅबमधून उचल. दूषित कल्चर (रक्तातला नव्हे, कातडीवरचा जंतू उगवलेले) 3 टक्क्यांच्या आत असावेत, असा प्रचलित निकष आहे. तुझ्या वॉर्डचं प्रमाण किती? रजिस्टर काढ, सहा महिन्यांचे आकडे मांड, टोचायची पद्धत सुधार, पुन्हा मोज. परक्यांच्या पेपरांची गोळाबेरीज करण्यापेक्षा हे लाख पटीनं बरं.

चॉइस भरण्याआधी तुझ्याच हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जाऊन ये. प्लेटा कधी वाचतात ते तिथल्या मायक्रोबायोलॉजीच्या मॅडमना विचार. बहुतेक ठिकाणी सकाळी, म्हणजे ऐन मेडिसिनच्या राउंडच्या वेळी. युनिट हेडना कसं पटवलंस, ते मला कळव.