एकदाच तुडवलेला रस्ता आठवतो, मग किल्ली कुठे ठेवली ते का आठवत नाही?

अनोळखी भागात रात्री रस्ता चुकलात, त्याला कित्येक वर्षं झाली, तरी तिथलं वळण न् वळण तुम्हाला आठवतं. सकाळी ठेवलेली किल्ली मात्र सापडत नाही. स्मरणशक्ती बिघडली का, असं तुम्ही विचारलंय. घाबरू नका, एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही.

जागेचा नकाशा दोन्ही वेळा तयार होतोच. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या आठवणी घडवणाऱ्या भागात, ठरावीक जागी आलं की चेतणाऱ्या पेशी असतात. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये त्या उंदरांत दाखवल्या आणि २०१४ च्या नोबेलचा अर्धा वाटा त्यांना त्यासाठीच मिळाला. खरा प्रश्न आहे तो हा नकाशा टिकणार की विरून जाणार याचा.

तिथे लोकस सेरुलियसचा संबंध येतो. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'निळी जागा', कारण रंगद्रव्यामुळे ती खरंच निळसर दिसते. ब्रेनस्टेममधला (मेंदूच्या तळाशी असलेल्या देठासारख्या भागातला) हा इवलासा पुंजका, माणसात दोन्ही बाजूंच्या मिळून जेमतेम ५०,००० पेशी, पण त्यांचे तंतू मेंदूभर पसरलेले. दचकलो, काही अनपेक्षित दिसलं, की त्या नॉरॲड्रेनॅलिन हे मेंदूला सावध करणारं रसायन सोडतात.

२०१६ चा एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. उंदरांनी वाळूत पुरलेलं खाणं शोधलं, ती जागा शिकले. एरवी दुसऱ्या दिवशी विसरले असते. पण शिकल्यानंतर अर्ध्या तासाने त्यांना पाच मिनिटं अनोळखी फरशी असलेल्या खोक्यात सोडलं, आणि २४ तासांनीही जागा लक्षात राहिली! फरशीचा आणि खाण्याचा काडीचा संबंध नव्हता. म्हणजे उत्तेजना नंतर आली तरी आधीची कच्ची आठवण पक्की होते. त्याहून नवल म्हणजे नॉरॲड्रेनॅलिनचा मार्ग औषधाने अडवला तरी फरक पडला नाही; डोपामिन या दुसऱ्या रसायनाचा अडवल्यावर मात्र परिणाम गेला. हे डोपामिन त्याच निळ्या जागेतल्या पेशी सोडत होत्या.

पण भीती जितकी जास्त तितकी आठवण पक्की, असं मात्र नाही. फारच घाबरलेला माणूस एकाच गोष्टीकडे बघत राहतो, आजूबाजूचं निसटतं. तुम्ही त्या रात्री सावध होतात, गर्भगळीत नव्हतात, असं मला वाटतं.

आणि किल्ली? ती ठेवताना नवं काहीच घडत नाही. शिवाय रोज त्याच दोन-चार जागा असल्यामुळे कालची, परवाची आणि आजची आठवण एकमेकींत मिसळून जाते.